मरळीच्या कानातली सात वर्षं

इचोडा, १० सप्टेंबर १९५६

आज अखेर सरकारला माझी गरज पडली. दोन वर्षं या मत्स्यबीज केंद्रात बसून मी बोटाएवढी पिल्लं मोजतोय आणि सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसतोय. आज तालुक्याहून एका तंट्याची मिसल आली, सगळ्या कागदांची फाईल. वर लाल शाईत हुकूम आहे : मत्स्य सहायक उत्तमराव यांनी माशांचे वय ठरवून कळवावे. मी तो तीनदा वाचला.

भानगड अशी आहे. नेरडीगोंड्याच्या पलीकडे सावरखेडी नावाचं गाव आहे. तिथला तलाव पूर्वी चंपतराव देशमुखांच्या मक्त्यात होता. बावन्न साली सरकारने तो काढून गावच्या भोयांच्या संघाला दिला. तेव्हाच्या कागदात एक कलम राहून गेलं. तलाव हवाली करताना त्यात जे मासे असतील ते जुन्या मक्तेदाराचे. त्या उन्हाळ्यात तलाव कोरडा ठणठणीत होता, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आता त्यात हात हात लांब मरळी झाल्या आहेत आणि चंपतरावांना ते कलम आठवलं आहे. ते म्हणतात, मरळ चिखलात पुरून घेऊन उन्हाळा काढते, तेव्हा या मरळी माझ्याच. भोई म्हणतात, बावन्नच्या पावसाळ्यात आम्ही गोदावरीतून मडक्यांत पिल्लं आणून सोडली, या त्याच.

म्हणजे मरळी चार वर्षांच्या निघाल्या तर भोयांच्या, त्याहून मोठ्या निघाल्या तर चंपतरावांच्या. चिखलाची गोष्ट खरी आहे, त्यामुळे माणसांच्या साक्षींचा उपयोग नाही. मासोळीलाच विचारलं पाहिजे. आणि ती विद्या या जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणाला येत नाही. हे लिहिताना जरा छाती फुगली, कबूल करतो.

एक नोव्हेंबरला हैद्राबाद राज्य मोडणार. आमचं किनवट मुंबई राज्यात जाणार, हा भाग आंध्र प्रदेशात. मी किनवटकडचा पर्याय लिहून दिला आहे. आई आणि आशा तिकडे वाट पाहतात. लग्नाला चार वर्षं झाली आणि आमचा संसार सगळा सुट्ट्यांमध्ये झाला.

१४ सप्टेंबर

सावरखेडीला जाऊन आलो. भोयांच्या संघाची मुख्य एक बाई आहे, बयनाबाई. साठीची असेल. नवरा गेल्यापासून जाळी तिच्या शब्दावर पडतात. तिने बारा मरळी काढून दिल्या. मी काठावर बसून एकेकीचं डोकं चिरू लागलो तशी ती जवळ येऊन उकिडवी बसली.

"सायेब, मासोळीचं वय मले विचारा ना. डोकं काऊन फोडून राह्यले तिचं?"

मी तिला समजावलं की माशाच्या कानात दोन खडे असतात. मासोळी पोटभर खाते तेव्हा खड्यावर जाड थर चढतो, उपाशी राहते तेव्हा बारीक काळी रेघ उमटते. सागाचा बुंधा कापला की वर्तुळं दिसतात, तसंच. वर्षाला एक रेघ. रेघा मोजल्या की वय कळतं.

तिने खडा तळहातावर घेतला, उन्हात फिरवला.

"उपासाची रेघ म्हंता? मंग वर्साले दोन पडत असतीन. मरळ दोनदा उपाशी राह्यते. एकदा पानी आटते तवा, अन एकदा लेकरं राखते तवा. पावसात लेकरं तोंडापुढं घेऊन फिरते. काहीच खात नाही बिचारी. खायाले तोंड उघडलं त आपलंच लेकरू गिळल्या जाईन, हे भेव तिले."

मी हसलो. तिला म्हणालो, बाई, पुस्तकात वर्षाला एकच रेघ दिली आहे. ती म्हणाली, "पुस्तक लिहिनाऱ्याच्या गावात मरळ हाय का?" बाकीचे भोईही हसले. बोलायला मोठी तिखट बाई आहे.

१७ सप्टेंबर

तीन दिवस खिडकीतल्या उन्हात काम. खडा साहणेवर घासायचा, लवंगेच्या तेलात बुडवायचा, काळ्या कागदावर ठेवून पाहायचं. खोलीला दाढदुखीच्या माणसासारखा वास येतोय. पण काय दिसतं ते! दुधी काचेच्या कपचीत एकात एक वर्तुळं, कोणी कोरून ठेवल्यागत. या मासोळीचं सगळं आयुष्य त्यात आहे आणि ते मी वाचतोय. मला या खोलीत आता कंटाळा येत नाही.

बारा मरळींत दहा मोठ्या. दहांनाही सात रेघा. मी दोनदा मोजल्या, मग खडे मिसळून, कोणता कोणत्या मासोळीचा हे न पाहता तिसऱ्यांदा मोजल्या. सातच.

एक गोष्ट खटकते. रेघांमधली अंतरं सारखी नाहीत. आतल्या दोन रेघा लांब लांब आहेत. त्यापुढे एक अंतर अरुंद, एक रुंद, परत अरुंद, परत रुंद, शेवटी अरुंद. पुस्तकातल्या चित्रात ती हळूहळू कमी होत जातात. पण ते चित्र थंड समुद्रातल्या माशाचं आहे, थोडा फरक असणारच.

२५ सप्टेंबर

चंपतराव स्वतः आले. बरोबर सीताफळांची टोपली. मी नको नको म्हणत होतो, पण ते म्हणाले, "घरच्या झाडाचे हायेत, उत्तमराव. घरच्या वस्तूले नाही म्हनू नये." गृहस्थ मनमिळाऊ आहेत. तलावाचा विषय त्यांनी काढलाच नाही. किनवटच्या बाजाराच्या, माझ्या वडिलांच्या ओळखीच्या गोष्टी निघाल्या. मला इतक्या दिवसांनी घरच्यासारखं वाटलं. मग सूक्ष्मदर्शक पाहून त्यांनी लहान मुलाच्या कौतुकाने विचारलं, यातून काय दिसतं. मी त्यांना खडा दाखवला.

"किती रेघा म्हनाव्या या?"

"सात."

 त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर! एकोनपन्नास! पोलीस ॲक्शन झाली अन त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मीच त सोडल्या मरळी! अर्जात साल टाकाचं राहूनच गेलं पाहा. वय झालं आता, इसरून राह्यलो."

दोन दिवसांत पुरवणी अर्ज देतो म्हणाले. मला फार समाधान वाटलं. मी मासोळीकडून सात वर्षं काढली आणि माणसाच्या आठवणीतूनही तेवढीच निघाली. याहून पक्का पुरावा कोणता? सीताफळं उत्तम होती.

३ ऑक्टोबर

आणखी दोन मरळी हव्या होत्या म्हणून सावरखेडीला गेलो. एक गंमत पाहिली. बयनाबाईची नात तुळजा, चार वर्षांची, काठावर बसून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे पाण्यात टाकत होती. एक भली मोठी मरळ वर आली. तिच्या वरच्या ओठात पितळेची नथ! मी दचकलोच.

बयनाबाईने हकिगत सांगितली. तिच्या सुनेची दोन मुलं राहिली नव्हती. तुळजा झाली तीही अशक्त. तिचा जन्म बावन्नच्या श्रावणातला. त्याच आठवड्यात गोदावरीची पिल्लं आली. बाईने त्यातलं एक पोरीच्या नावाने घरच्या दगडी डोणीत ठेवलं. पोरीच्या उष्टावणाला ते वीतभर झालं, तेव्हा ओठात नथ घालून तलावात सोडलं. जोवर नथवाली आहे तोवर पोरीला काही होत नाही, असा त्यांचा नवस. जाळ्यात आली तर हात जोडून परत सोडतात.

"हिचं वय मले ठाव हाय सायेब," बाई म्हणाली. "पोरगी चारची, ते बी चारची. हिले पाहा अन त्या बाकीच्याइले पाहा. एका मापाच्या हायेत का नाही?"

मी म्हटलं, लांबीवरून वय सांगता येत नाही, मुबलक खाणं मिळालं की मासा लवकर वाढतो. हे शास्त्राला धरून आहे. तिने मान हलवली आणि नातीच्या हातातली उरलेली भाकरी काढून घेतली.

लहान मुलांच्या बाबतीत माणसं काय काय समजुती धरून बसतात! आशाला पत्रात ही गोष्ट लिहायची.

१३ ऑक्टोबर

उद्या दसरा. जिल्ह्याच्या ऑफिसातून सुधाकरराव आले होते. ते आमचे वरिष्ठ, औरंगाबादच्या यादीत नाव लागल्यापासून भलते खुशीत. ऑफिसात मिसलींचे गठ्ठे बांधायचं काम चालू आहे. कोणता कागद कोणत्या राज्याचा यावरून रोज वाद. म्हणाले, "सावरखेडीचं प्रकरण वीस तारखेच्या आत निकाली काढा. नव्या राज्याच्या माथी अर्धवट मिसल मारायची नाही. तुम्हालाही किनवटला जायचंय ना?"

मी अंतरांचं सांगायचा प्रयत्न केला. रुंद, अरुंद, रुंद, अरुंद. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काही दिसलं नाही, कारण आरसा उन्हाकडे वळवलेलाच नव्हता. "रेघा किती?" म्हणाले. सात म्हटल्यावर, "मग सात लिहा."

खरं तर अजून एक वर्ष दर महिन्याला खडे काढून पाहायला हवेत. रेघ कोणत्या महिन्यात पडते तेच मी पाहिलेलं नाही. पण एक वर्ष कुठून आणू?

१९ ऑक्टोबर

अहवाल दिला. वय सात वर्षे, सबब मासे सन १९४९ चे. अंतरांबद्दलचा परिच्छेद लिहिला होता, मग काढला. त्याने उगीच संशय वाढला असता. सही करायच्या आधी टाक दोनदा दौतीत बुडवला. चहा घेतल्यावर बरं वाटलं.

२५ ऑक्टोबर

निकाल लागला. मरळी चंपतरावांच्या. त्या काढून होईपर्यंत भोयांनी तलावात जाळं टाकायचं नाही. चंपतरावांची माणसं रविवारपासून ओढणार. आणि चार वर्षांत संघाने सोडलेले मासे जगल्याचं दिसत नाही, तेव्हा तलाव संघाकडे ठेवावा की नाही याचाही विचार व्हावा, असा शेवटी शेरा.

हा शेरा माझ्या अहवालातून निघाला. मी फक्त मासोळीचं वय सांगितलं होतं. मी असं काही म्हटलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

हे नीट लिहायचं आहे.

दुपारी बयनाबाई आली. सावरखेडीहून चालत. काखेत ओल्या धोतराचं गाठोडं. ते तिने माझ्या टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवलं आणि सोडलं. आत नथवाली होती. कल्ले अजून हलत होते.

"हिचं वय काढा," ती म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलो. "बाई, हे काय केलंत? परत न्या. पाण्यात घाला आधी."

"उद्या चंपतरावाचं जाळं हिले नेनारच हाय. तेच्या ताटात जाईन त्यापेक्षा तुमच्या काचेखाली जाऊ द्या. माह्या हातानं धरली मी. पोरीले झोपोवलं अन धरली."

"नवसाचं काय?"

"नवसाचं मी पाहून घेईन. तुमी रेघा मोजा. हिचं साल तुमाले बी ठाव हाय, मले बी ठाव हाय, साऱ्या गावाले ठाव हाय. चारच रेघा निघाल्या त तुमचं पुस्तक खरं, मी खोटी. तलाव सोडून देतो आमी."

मी सुरी उचलली नाही. तिनेच माझी सुरी घेतली, आधी ओठातली नथ सोडवली, मग डोकं चिरलं. मी कसं चिरतो ते तिने सप्टेंबरात पाहिलं होतं. दोन्ही खडे काढून माझ्यापुढे ठेवले आणि भिंतीला टेकून बसली.

मी घासले. तेलात बुडवले. काचेखाली पाहिले.

एक, दोन, तीन. लांब, लांब, मग अरुंद, रुंद, अरुंद, रुंद, अरुंद. सात.

बावन्नच्या श्रावणातली मासोळी. चार वर्षांची. सात रेघा.

मी परत मोजल्या. मग कागद घेऊन तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यांदा तिला विचारलं. तिने बोटांवर सांगितलं. पानी आटलं ते त्रेपन्नला, चोपन्नला, पंचावन्नला अन औंदा. चार. त्रेपन्नला हिला लेकरं नव्हती, लहान होती. चोपन्नला राखली, पंचावन्नला राखली, औंदा राखली. तीन.

चार आणि तीन.

"मी सांगतलं होतं तुमाले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेली होती. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मासोळी धोतरात गुंडाळून घेऊन गेली. नथ टेबलावर विसरली.

मी तिचं बोलणं चौदा सप्टेंबरला या वहीत लिहिलं आहे. आता मागे जाऊन वाचलं. पंचवीस सप्टेंबरही वाचला. चंपतराव बोटांवर काय मोजत होते ते आज कळलं. साल त्यांच्या आठवणीत नव्हतंच, ते मी त्यांना दिलं, आणि वर त्यांची सीताफळं खाल्ली. माझ्यासारखा गाढव मीच.

२९ ऑक्टोबर

तालुक्याला गेलो. काल आणि आज जाळी ओढणं चालूच आहे.

तहसीलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. खडे पाहिले, नथ पाहिली. म्हणाले, "तुमचं पटतंय मला. पण एक तारखेला तुम्ही परराज्यात. अहवाल तुमचा, चूक तुमची, आणि फेरचौकशीला विचारायचं कोणाला? या बाईच्या मासोळीला? उद्या चंपतरावांचा वकील म्हणेल, माणूस जाता जाता फिरला. तुम्ही इथे राहून जबानी देणार असाल तर मी आज जाळी थांबवतो. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

मी विचार करून सांगतो म्हणालो. बाहेर पायरीवर बसलो. आशाचं पत्र खिशातच होतं. पाडव्याच्या आत या, आईने तुमच्यासाठी न्हाणीपुढचा दगड बदलून घेतला आहे, पाय घसरायचा तुमचा. एवढंच लिहिलं होतं आणि ते मी दहादा वाचलं.

मग आत जाऊन पर्याय रद्द केल्याचा अर्ज लिहिला. फार शूर वाटलं असं नाही.  तहसीलदारांनी जाळी थांबवण्याचा हुकूम लिहिला, त्याची एक प्रत मला दिली.

३० ऑक्टोबर

सुधाकरराव म्हणाले, "वेडे आहात का? मरळींसाठी?" मी म्हटलं, हो. त्यांनी माझं नाव यादीतून खोडलं. मोठ्या सुबक रेघेने खोडलं, पट्टी धरून.

आशाला पत्र लिहायला घेतलं. तीन कागद फाडले.

१ नोव्हेंबर १९५६

आज सकाळी इचोड्याच्या सडकेवर शाळेच्या मुलांना लाडू वाटले. नवं राज्य. मी सावरखेडीला गेलो.

हुकूम पोचेपर्यंत दोन दिवस जाळी ओढली गेली होती. मोठ्या मरळी जवळजवळ सगळ्या गेल्या. बांधाच्या खोल कोपऱ्यात थोड्या असतील, असं भोई म्हणतात. तलावाचा फैसला आता नव्याने होईल. कधी, कोणत्या भाषेत, कोण करील, ते कोणालाच माहीत नाही. मी जबानी देणार एवढं नक्की आहे.

बयनाबाई जाळं दुरुस्त करत बसली होती. मी नथ तिच्या हातात दिली. तिने ती कनवटीला खोचली आणि हळूच म्हणाली, "पोरीले म्या सांगतलं, नथवाली जाळ्यातून सुटून नदीत गेली. तुमी बी तेच सांगा."

तुळजा काठावर होती. भाकरी टाकत होती. पाणी हलत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो. तिने मला ओळखलं.

"सायेब, माही मासोळी नदीत गेली."

"हो."

"तुमी मासोळ्याइचं वय सांगता ना? आजी म्हंते."

मी हो म्हटलं. मागे जाळ्याची सुई थांबली.

"मंग माही किती वर्साची होती?"

"चार," मी म्हणालो.

"माह्याएवढी," तुळजा म्हणाली, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा तिने पाण्यात लांब फेकला.